रक्तपरीक्षेचे मालक कोण?

साहित्यसंस्थेच्या निबंधपत्रिकेत पेटंटच्या खटल्याचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. निबंध म्हणजे जुनी पत्रे, पावसाळी संध्याकाळ आणि आठवणीतली माणसे यांवरचे निवांत चिंतन, अशी अलीकडे आपली समजूत झाली आहे. परंतु विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली ती वाद घालण्यासाठी. आणि त्याच्याही दहा वर्षे आधी, १८६४ साली, आपल्याच सुरतेच्या नर्मदाने ‘डांडियो’ काढला तोही समाजाला जागे करण्यासाठी. ज्या प्रश्नाचा घराघराशी संबंध आहे आणि ज्यावर आपल्या भाषेत फारसे कोणी लिहीत नाही, तो निबंधाचा हक्काचा विषय होय असे आम्ही मानतो. प्रस्तुत विषय तर आपल्या गावातलाच आहे. रक्ताच्या चाचणीच्या एका साधनावर सुरतेच्या एका कंपनीने घेतलेली हरकत २००८ साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली, आणि पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी फार थोड्यांना त्याची वार्ता आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. रक्ताची परीक्षा करणारे द्रव्य हे औषधाइतकेच औषध आहे. औषधावर कोणाला मक्तेदारी देताना जी सावधगिरी बाळगावयाची, तीच या द्रव्याबाबतही बाळगली पाहिजे. ती बाळगण्याचे सामान्य माणसाच्या हाती असलेले मुख्य साधन म्हणजे पेटंट मिळण्यापूर्वीच हरकत घेण्याचा हक्क. तो हक्क गेली वीस वर्षे थोडाथोडा करून बोथट केला जात आहे, आणि आपण सुशिक्षित म्हणविणारी मंडळी ‘हा दोन व्यापाऱ्यांचा तंटा’ असे म्हणून त्याकडे पाठ फिरवीत आहोत.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. प्रयोगशाळेत तिला रिएजंट म्हणतात, शाळेच्या पुस्तकात अभिकर्मक म्हणतात. दंडातून काढलेले रक्त स्वतःहून काहीच बोलत नाही. त्यात साखर किती, विषाणूची लागण झाली आहे की नाही, गट कोणता, हे त्याच्याकडून वदवून घेणारे द्रव्य म्हणजे हा अभिकर्मक. चाचणीच्या अहवालावरचे आकडे आपण चष्मा लावून वाचतो, डॉक्टरांचे नाव वाचतो, पैसे किती झाले तेही वाचतो. पण तो आकडा ज्या थेंबाने उमटविला त्याची चौकशी कोणी करीत नाही. निदान नसले म्हणजे काय होते हे सुरतेला कोणी सांगावयास नको. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या नुसत्या संशयाने हे शहर ओस पडले. रोग प्लेगच आहे की दुसरा काही, यावर तज्ज्ञ वाद घालीत होते, आणि त्या वादाचा निकाल लागण्यापूर्वीच लाखो माणसे स्टेशनकडे धावत सुटली होती. खात्रीची चाचणी ही किती मोलाची वस्तू आहे, हे त्या आठवड्यात आपण शिकलो आणि पुढल्या वर्षी विसरलो.

आता या द्रव्यांचा इतिहास पाहा. १९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने रक्ताचे गट जगापुढे मांडले ते शास्त्रीय नियतकालिकातून. त्या ज्ञानाचा वापर करणाऱ्याला त्याला दाम द्यावा लागला नाही. ‘ए’ गटाचे दोन पोटभेद ओळखण्यासाठी आजही जगभर जो अर्क वापरतात तो आपल्या कुळथाच्या दाण्यांपासून काढतात. ज्याचे पिठले आपण करतो आणि ज्याला आपली गुजराती शेजारीण कळथी म्हणते, तेच हे कडधान्य. त्याचा हा गुण जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली, तोच पुढे ‘बॉम्बे’ गट म्हणून सर्वतोमुखी झाला. नेहमीच्या चाचणीत हा गट ‘ओ’सारखा भासतो, त्यासाठी निराळा अभिकर्मक लागतो, आणि तो न वापरता ‘ओ’ गटाचे रक्त चढविले तर रुग्णाच्या जिवावर बेतते. १९७५ साली केंब्रिजमध्ये मिलस्टाइन आणि कोलर यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली. तिच्यावर पेटंट घेतले गेले नाही. आज रक्तपेढीत ‘ए’ गट ओळखणारी निळी बाटली आणि ‘बी’ गट ओळखणारी पिवळी बाटली दिसते, त्या दोहोंतील द्रव्य बहुधा याच रीतीने तयार झालेले असते. १९८४ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्या तपशिलात आम्ही शिरलो त्याला कारण आहे. ‘पेटंट नसेल तर कोणी शोधच लावणार नाही’ हे वाक्य सध्या वेदवाक्यासारखे उच्चारले जाते. रक्तपरीक्षेच्या शास्त्राचा पाया ज्या शोधांवर उभा आहे त्यांपैकी हे सारे शोध कोणाच्याही कुलुपाखाली नव्हते. पेटंट मुळीच असू नये असे आम्ही म्हणत नाही. कोणी खरोखर नवीन उपकरण घडविले, त्यासाठी पैसा आणि वर्षे खर्च केली, तर काही काळ त्याचे फळ त्याला मिळावे हे न्यायाचेच आहे. आमचा आक्षेप आहे तो मक्तेदारी ही निसर्गदत्त वस्तू मानून तिच्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्याला उपद्रवी ठरविण्याच्या वृत्तीवर.

आपल्या देशाच्या कायद्याने एके काळी हे नेमके ओळखले होते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालात, भारतातील बहुतेक पेटंटे परकीयांच्या हाती असून त्यांतील फारच थोड्यांचा देशात प्रत्यक्ष उपयोग होतो, हे स्पष्टपणे दाखवून दिले. त्यावर आधारलेला १९७० चा कायदा १९७२ च्या एप्रिलमध्ये अमलात आला. औषधाच्या वस्तूवर पेटंट नाही, फक्त ती बनविण्याच्या रीतीवर, आणि तेही फार तर पाच-सात वर्षांपुरते, असा त्याचा दंडक होता. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या कायद्याने ‘औषध’ शब्दाची जी व्याख्या केली तीत रोगाच्या निदानासाठी वापरावयाची द्रव्येही स्पष्ट शब्दांत घातली होती. रक्त तपासणारा थेंब आणि रोग बरा करणारी गोळी यांना कायदा एकाच पंक्तीला बसवीत होता. त्या सावलीत देशात औषधांचा उद्योग वाढला तसाच निदानद्रव्यांचाही वाढला. उधना भागातील स्पॅन डायग्नोस्टिक्स ही कंपनी त्याच काळातली. उधना म्हणजे यंत्रमाग आणि धागा एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कित्येक वर्षे देशभरच्या प्रयोगशाळांत जाणारी बाटली तेथून निघत असे. २०१५ च्या सुमारास तिचा निदानद्रव्यांचा व्यवसाय जपानच्या आर्करे समूहाकडे गेला.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. दिल्लीच्या जे. मित्रा अँड कंपनीने १४ जून २००० रोजी हिपॅटायटिस सी या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आहेत की नाहीत हे दाखविणाऱ्या साधनावर पेटंट मागितले. या जातीच्या चाचणीचे तत्त्व थोडक्यात सांगता येते. सच्छिद्र पडद्यावर विषाणूच्या प्रथिनांचे ठिपके बसविलेले असतात. त्यावर रोग्याचे रक्तजल टाकले की, त्यात प्रतिपिंडे असल्यास ती ठिपक्याला चिकटतात. मग रंग देणारे द्रव्य टाकले की ठिपका उमटतो. मोठे यंत्र लागत नाही, काही मिनिटांत निकाल हाती येतो. खेड्यातल्या दवाखान्याला आणि लहान रक्तपेढीला असे साधन किती उपयोगी, हे निराळे सांगावयास नको. हा विषाणू वर्षानुवर्षे यकृतात निमूटपणे घर करून राहतो. बाधित रक्त चढविले गेले तर थॅलेसेमियाच्या मुलाला एका रोगाबरोबर दुसराही पदरात घ्यावा लागतो. म्हणूनच दात्याच्या रक्ताची ज्या पाच रोगांसाठी तपासणी सक्तीची आहे त्यांत याचा समावेश झाला.

हा अर्ज २००४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला. स्पॅनने हरकत घेतली. २३ ऑगस्ट २००६ रोजी ती फेटाळली गेली आणि महिन्याभरात पेटंट देण्यात आले. स्पॅनने दिल्ली उच्च न्यायालयात अपील केले, आणि येथून खरी मौज सुरू झाली. २००५ च्या दुरुस्तीने हरकतीचे दोन भाग केले होते. पेटंट देण्यापूर्वी कोणीही हरकत घ्यावी. पेटंट दिल्यानंतर एका वर्षाच्या आत फक्त ‘हितसंबंधी’ व्यक्तीने घ्यावी. दुरुस्ती बव्हंशी १ जानेवारी २००५ पासून लागू झाली; पण अपील कोठे आणि कशाविरुद्ध करावयाचे हे सांगणारे नवे कलम मात्र २ एप्रिल २००७ पर्यंत अमलात आलेच नव्हते. स्पॅनची अपिले नेमकी या फटीत सापडली. साधन नवीन आहे की नाही, पेटंटला पात्र आहे की नाही, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. अपील ऐकावे तरी कोणी, यावरच दोन्ही पक्षांचे वकील सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. २० ऑगस्ट २००८ रोजी निकाल लागला. नव्या कायद्याखाली पेटंटपूर्व हरकत फेटाळली गेल्यास हरकतदाराला अपील नाही. मात्र मधल्या फटीत सापडलेली ही अपिले उच्च न्यायालयाने जुन्या कायद्याप्रमाणे ऐकावीत.

वाचकांनी येथे थोडा हिशेब करावा. पेटंटचे आयुष्य अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचे. त्यांतली आठ वर्षे कोणते दार ठोठवावे एवढे ठरण्यात गेली. या आठ वर्षांत रोज कोठे ना कोठे रक्त चढविले जात होते, रोज कोणी ना कोणी तपासले जात होते. त्या माणसांपैकी कोणाचा वकील त्या न्यायालयात उभा नव्हता.

येथे पहिला आक्षेप येतो. कोणी म्हणेल, ‘यात गहिवरण्यासारखे काय आहे? दोन कंपन्यांना एकच बाजारपेठ हवी होती, आणि त्यांनी भांडून घेतले.’ भांडण दोन कंपन्यांचे होते हे आम्हांस मान्य आहे. तशात दोन्ही देशी होत्या. १६१३ साली सुरतेत वखार घालणाऱ्या इंग्रज कंपनीची आठवण काढून गळा काढण्याची सोयही येथे नाही. या दोहोंपैकी कोणाचे म्हणणे बरोबर होते याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु विहीर कोणाच्या वाट्याला जाणार, यावर दोन भाऊबंद कचेरीत भांडत असले म्हणून पाणी भरणाऱ्या गावाचा त्याच्याशी संबंध नाही असे कोण म्हणेल? रक्ताच्या पिशवीमागे जो खर्च आकारला जातो त्यात चाचणीच्या द्रव्याची किंमत असते. ते द्रव्य विकणारे चार असले तर भाव एक असतो, एकटाच असला तर निराळा असतो. भावाचा तो फरक कंपनीच्या ताळेबंदात कमी आणि रोग्याच्या खिशात अधिक जाणवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘हिपॅटायटिस सी चा विषाणू सापडला तो एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत. पेटंटची आशा नसती तर तिने पैसा ओतला असता काय?’ हे खरे आहे की १९८९ साली कॅलिफोर्नियाच्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी या विषाणूचा माग काढला आणि पुढल्याच वर्षी रक्त तपासण्याची सोय झाली. त्या श्रमांना आमचा नमस्कार. परंतु पुढे काय झाले? कायरॉनने देशोदेशी विस्तृत पेटंटे घेतली आणि चाचणीची साधने करणाऱ्या इतर कंपन्यांना न्यायालयात खेचले. ब्रिटनमधील म्युरेक्स आणि ऑर्गनॉन यांच्याशी झालेले खटले प्रसिद्धच आहेत. विषाणू निसर्गाचा, रोग माणसाचा, आणि त्याच्या तपासणीची वाट मात्र एका कंपनीच्या अंगणातून, अशी स्थिती झाली. श्रेयाचीही गोष्ट पाहा. २०१३ साली हॉटन यांनी कॅनडाचे गेर्डनर पारितोषिक नाकारले, कारण त्यात चू आणि कुओ यांना स्थान नव्हते. २०२० चे नोबेल हॉटन, ऑल्टर आणि राइस यांना मिळाले. तेथेही ते दोघे राहूनच गेले. ज्या शोधाचे श्रेय कोणाकोणाला द्यावे हे जगातील श्रेष्ठ पंडितांना तीस वर्षांतही सर्वांचे समाधान होईल असे ठरविता आले नाही, त्याची मालकी मात्र कंपनीच्या नावावर बिनचूक लागते! शोधाला बक्षीस द्यावे. पण बक्षीस किती आणि वेस कोठपर्यंत, हे विचारणाऱ्याला शत्रू मानू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

तिसरा आक्षेप खास सुरती आहे, आणि तो आपण स्वतःच स्वतःवर घेतला पाहिजे. ‘ज्या गावात आज बाजारात आलेली साडीची नक्षी उद्या चार दुकानांत दिसते, त्या गावाने पेटंटविरुद्ध बोलावे हे शोभत नाही.’ नक्कल हा पराक्रम आहे असे आम्ही मानीत नाही. पण नक्कल आणि हरकत यांत महदंतर आहे. नक्कल करणारा पाठीमागच्या दाराने येतो. हरकत घेणारा पुढच्या दाराने येतो, नाव सांगतो, पुरावा मांडतो आणि ‘ही वस्तू नवीन नाही, ती आधीपासून सर्वांना ठाऊक आहे’ असे सरकारी अधिकाऱ्याच्या तोंडावर सांगतो. पहिल्याला कायद्याने रोखावे. दुसऱ्याला कायद्याने आसन द्यावे.

आणि आसन देण्याऐवजी काय चालले आहे? अर्जदाराचा अर्ज नामंजूर झाला तर त्याला अपील आहे. हरकतदाराची हरकत नामंजूर झाली तर त्याला अपील नाही. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने यूसीबी फारकिम आणि सिप्ला यांच्या प्रकरणात असेही ठरविले की, ज्याला पेटंट मिळाल्यानंतर पुन्हा हरकत घेण्याचा मार्ग मोकळा आहे अशा हितसंबंधी व्यक्तीने रिट अर्ज घेऊनही येऊ नये. अपिले ऐकण्यासाठी नेमलेले मंडळ २०२१ साली बरखास्त झाले. १५ मार्च २०२४ रोजी जे नवे नियम आले त्यांनी पेटंटपूर्व हरकतीवर शुल्क बसविले, आणि हरकत दखलपात्र आहे की नाही हे नियंत्रकाने आधी ठरवावे अशी पायरी घातली. कारण काय, तर म्हणे बनावट हरकतदार विनाकारण विलंब लावतात. असे हरकतदार असतीलही. पण ज्या प्रकरणाविषयी आम्ही लिहीत आहोत त्यात अर्ज दाखल झाल्यापासून जाहीर होईपर्यंतच चार वर्षांहून अधिक काळ लोटला. तोवर हरकत घेणाऱ्याला तो अर्ज दिसलादेखील नव्हता. आपल्या कचेरीच्या दिरंगाईचे खापर हरकतदाराच्या माथ्यावर फोडणे हे नाचता येईना अंगण वाकडे यातलेच आहे.

जेथे दार उघडे राहिले तेथे काय घडते याचेही उदाहरण आहे. हिपॅटायटिस सी वरील एका महागड्या औषधाच्या पेटंटला मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने विरोध केला. ही औषधकंपनी नव्हे. रोग्यांसाठी काम करणारी संस्था. हरकत आधी फेटाळली गेली. संस्थेने अपील केले आणि २०१२ साली ते पेटंट रद्द झाले. इतकेच नव्हे, तर अशी संस्थाही हितसंबंधी ठरते हे मान्य झाले. अपील होते म्हणून हे झाले. पेटंटपूर्व हरकतीला अपील का असू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप मिळालेले नाही.

कायद्याच्या पुस्तकात आणखी एक विसंगती आहे. १९७० च्या कायद्यातील औषधाची ती व्याख्या, जीत निदानद्रव्यांचा उल्लेख होता, २००५ नंतर उरली नाही. मात्र त्याच दुरुस्तीने परदेशी निर्यात करण्यासाठी सक्तीचा परवाना देण्याचे जे कलम घातले, त्यात औषधी वस्तूंबरोबर निदानाच्या संचांचाही नावानिशी समावेश आहे. म्हणजे परदेशातल्या गरजू रोग्यासाठी चाचणीचा संच औषधाच्या पंक्तीला बसतो, आणि व्यारा-सोनगढच्या रोग्यासाठी तसे लिहिण्याची गरज कायद्याला वाटत नाही!

ही मक्तेदारी आता केवळ न्यायालयातच राहिलेली नाही, ती आपल्या कपाटापर्यंत आली आहे. साखर मोजण्याचे छोटे यंत्र कित्येकांच्या घरी आहे. यंत्र स्वस्तात मिळते, कधी भेटही मिळते. पट्टी मात्र त्याच कंपनीची, आणि ती संपली की पुन्हा तीच. अमेरिकेत लाइफस्कॅन कंपनीने दुसऱ्याची पट्टी आपल्या यंत्रात चालते म्हणून खटला भरला. २०१३ साली तेथील अपील न्यायालयाने तिला सांगितले की, यंत्र एकदा आपल्या हाताने लोकांना देऊन टाकल्यावर त्यातील पट्टीवर पेटंटच्या जोरावर हुकमत चालविता येणार नाही. मोठ्या प्रयोगशाळांतही प्रकार तोच आहे. यंत्र फुकट बसवून देतात, करारात लिहून घेतात की रिएजंट आमचाच वापरावयाचा. दुसरी बाटली लावली तर यंत्र ती ओळखतच नाही. जे काम पेटंटने साधावयाचे ते येथे कुलुपाने साधले जाते, आणि या कुलुपाला वीस वर्षांची मुदतही नसते.

याच्या उलट चित्र आपल्या शेजारीच आहे. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे नवापूरचे स्टेशन लागते. अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. त्या साऱ्या पट्ट्यात गामित, चौधरी, वसावा, भिल्ल अशा समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याची पहिली चाचणी अगदी साधी. सोडियम डायथायोनाइट घातलेल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकावयाचा; सदोष हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा होतात. हे तत्त्व १९५० च्या दशकापासून जगाला ठाऊक आहे आणि त्यावर कोणाची मालकी नाही. म्हणून तर गुजरात सरकारला २००६ पासून आदिवासी भागात मोठ्या प्रमाणावर तपासणी हाती घेता आली, आणि २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेला सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवता आले. हेच द्रावण जर कोणाच्या कुलुपात असते, तर एवढा मोठा आकडा उच्चारण्याचे धैर्य कोणत्या सरकारला झाले असते?

मग करावयाचे काय? कायदा करणाऱ्यांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पेटंटपूर्व हरकत फेटाळली गेल्यास हरकतदाराला अपील द्यावे, निदान रोगनिदानाच्या वस्तूंबाबत तरी. रक्तपेढ्या, रुग्णसंस्था आणि शिक्षणसंस्था यांच्या हरकतींवर शुल्क घेऊ नये. आणि निदानद्रव्य म्हणजे औषधच, ही १९७० सालची व्याख्या कायद्यात पुन्हा लिहावी.

परंतु सरकारला अर्ज करून स्वस्थ बसणे ही आपली जुनी खोड आहे, आणि तेवढ्यावर हा लेख संपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपल्या कुटुंबांत डॉक्टर आहेत, पॅथॉलॉजिस्ट आहेत, वकील आहेत, एम.टी.बी. महाविद्यालयात, एस.व्ही.एन.आय.टी.त, दक्षिण गुजरात विद्यापीठात रसायनशास्त्र शिकविलेली आणि शिकलेली माणसे आहेत. १९६० साली राज्य वेगळे झाले तरी गुजरातचे पेटंट-अर्ज आजही मुंबईच्याच कचेरीच्या कक्षेत येतात, आणि प्रसिद्ध झालेला प्रत्येक अर्ज कोणालाही घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. यांतील चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा बसून रक्तपरीक्षेसंबंधीचे अर्ज वाचले, ‘हे तर आम्ही तीस वर्षे करीत आहोत’ असे जेथे वाटेल तेथे पुराव्यासह लिहून कळविले, तर ते काम कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा कमी मोलाचे ठरणार नाही. धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आपली माणसे बसतात. कुलूप घातलेले यंत्र फुकट मिळते म्हणून घेण्यापूर्वी पुढल्या पाच वर्षांच्या बाटल्यांचा हिशेब मागण्याचे काम त्यांनी करावे.

सुरत आणि लूट हे दोन शब्द १६६४ पासून एकमेकांना चिकटले आहेत, आणि आपल्या मराठी कुटुंबांना ती थट्टा शेजाऱ्यांकडून अजूनही अधूनमधून ऐकावी लागते. ती हसून घ्यावी हे उत्तम. मात्र राजरोस, शिक्कामोर्तब होऊन, कोणाचीही झोप न मोडता होणारी लूटही असते, आणि ती ओळखण्यास इतिहासाचे ज्ञान पुरत नाही. कचेरीतले कागद वाचावे लागतात. जे सर्वांचे आहे ते एकाच्या नावावर चढत असताना ‘आमची हरकत आहे’ एवढे वेळेवर म्हणण्याचा हक्क आज कायद्याने शिल्लक ठेवला आहे. तो वापरला नाही तर तोही उद्या उरणार नाही, आणि तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला असणार नाही.